लाल म्हणजे बंद

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकताना हल्ली कंबर धरते, तरी नमस्कार पूर्ण पोचला असं समजावं.) मामींनाही सांगा.

तुमचं पत्र पोचलं. तुमची तब्येत ठणठणीत आहे, मामींचा गुडघा आधीपेक्षा बरा आहे आणि मी पाठवलेली खालची कवळी उजव्या बाजूला टोचते, हे वाचून अनुक्रमे आनंद, आनंद आणि अपमान झाला. मामा, आयुष्य गेलं माझं कवळ्या बनवण्यात. गावातले अर्धे म्हातारे माझ्या दातांनी मला शिव्या देतात, पण टोचतं म्हणून कुणी तक्रार केलेली नाही. तेव्हा दोष हिरडीचा असणार. पार्सल हलवलं की डबीतून खुळखुळ आवाज येत होता, असंही तुम्ही लिहिलंय. कवळी खुळखुळत नसते, मामा. मी ती कापसात नीट बसवून पाठवली होती. तरी या आवाजाचा मी विचार करतो आहे आणि पत्र संपेपर्यंत काही सुचलं तर कळवीन.

फोन सोडून हा कागद का काळा करतोय, असं तुम्ही मामींना विचाराल. एक तर फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही स्वतः रचता. मागे माझ्या साध्या सर्दीचं तुमच्याकडे पोचेपर्यंत ऑपरेशन झालं होतं आणि मामींनी रडत रडत माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला होता. दुसरं म्हणजे, ही गोष्ट आईच्या कानावर जायला नको. आमच्या घरात आईच्या कानाबाहेरची जागा एकच, बाथरूम, आणि तिथे आतून कडी लावून फोनवर बोलणाऱ्या माणसाबद्दल तुमची सूनबाई काय समजेल ते मी सांगायला नको.

तर, पुढच्या महिन्यात आईला पंचाहत्तर पूर्ण होतात. तुला काय हवं म्हणून आम्ही सगळ्यांनी तिला विचारून विचारून भंडावलं. साड्या नकोत, त्या कपाटात पुष्कळ आहेत. सहल नको, पाय दुखतात. डोकं चोळायचं मशीन नको, डोकं तिचं तिला चोळता येतं. शेवटी एकदा भाजी निवडताना म्हणाली, "माझ्या टेपा दाखवा म्हणजे झालं." तुम्ही तिला व्हिडिओ कॅमेरा दिला होता, आठवतंय ना? धाकटीच्या लग्नाच्या थोडं आधी. तेव्हापासून कितीतरी वर्षं तो तिच्या गळ्यात होता. बारसं असो, निकाल असो, कुणाची नवी गाडी असो, आई पट्टा गळ्यात अडकवून हजर. त्या टेपा मात्र कुणी कधी पाहिल्या नाहीत. आधी वेळ नव्हता, मग टीव्हीला जोडायची वायर हरवली, मग कॅमेराच बसला. टेपा तिने बिस्किटांच्या डब्यात डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवल्या. घरात कुठलाही वाद निघाला की तिचं उत्तर ठरलेलं, "माझ्याकडे सगळं घेऊन ठेवलंय." त्यावर आमची बोलती बंद.

त्या 'सगळ्या'त तिच्या लेखी एकच गोष्ट महत्त्वाची. बाबांचं गाणं. बाबा तुम्हाला माहीतच आहेत. उभा जन्म खड्ड्यात उतरून लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे वर बघण्याची सवय आणि बोलण्याची नाही. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर 'हं'. जेवण झालं का, हं. पोरगी पास झाली, हं. घर घ्यायचं ठरलं तेव्हाही, आई सांगते, 'हं' एवढंच म्हणाले आणि सही केली. तो माणूस धाकटीच्या लग्नात जेवणं उरकल्यावर एकाएकी खुर्चीवरून उठला आणि सगळ्यांसमोर अख्खं गाणं म्हणाला. मी तेव्हा आचाऱ्याला पोचवायला बाहेर गेलो होतो, माझं हुकलं. आई मात्र समोर कॅमेरा लावून उभी होती. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. हे गाणं मला एकदा ऐकायचंय, असं ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

नुसता कॅमेरा दुरुस्त करून टेपा दाखवल्या असत्या तरी भागलं असतं. पण मला कमी बोलण्याचा गुण बाबांकडून आलेला नाही, तुमच्या घराण्याकडून जो यायचा तो आलाय. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की टेपा आणि पोराबाळांचे फोनवरचे व्हिडिओ एकत्र कापून जोडून मी तासाभराचा कौटुंबिक चित्रपट तयार करणार. झालं. आमच्या जुन्या लॅपटॉपला मी त्यातला एक व्हिडिओ दाखवला. त्याने एक क्षण चित्र दाखवलं, मग विचारात पडला, आणि मग त्याचा पंखा असा सुटला की सूनबाईने टेबलावरची बिलं उचलून धरली. दुकानात गेलो. व्हिडिओचं काम झेपेल अशा तयार कॉम्प्युटरची किंमत दुकानदाराने सांगितली, तेव्हा मी त्याला विचारलं की यात दुकानही येतं का. तो हसला नाही. तो एकूणच मौनी माणूस आहे, त्याच्याबद्दल पुढे येईल.

मग मी ठरवलं की कॉम्प्युटर आपणच जोडायचा. जो माणूस लोकांच्या तोंडात बत्तीस दात ओळीने बसवतो, त्याला एका पत्र्याच्या खोक्यात सात तुकडे बसवायला काय जड? शिवाय सात तुकडे सगळे विकत घ्यायची गरज नव्हती. कुटुंबाचा कॉम्प्युटर, तर कुटुंबाने द्यावा. मी सगळ्यांना फोन करून कुणाकडे काय पडून आहे ते विचारलं. धाकटीच्या नवऱ्याने, म्हणजे आपल्या जावईबापूंनी, चित्रं झरझर हलवणारं ग्राफिक्स कार्ड दिलं. (ऑफिसच्या कामासाठी घेतलं होतं म्हणाले. ऑफिसात रणगाडे उडवायचं काम असेल तर गोष्ट वेगळी.) मावसभावाने आपल्या बंद पडलेल्या इंटरनेटच्या दुकानातलं खोकं दिलं, म्हणजे कॅबिनेट, ज्याच्या तोंडावर सुपारीएवढा लाल दिवा आहे. हा दिवा लक्षात ठेवा, मामा. बाकी मेंदू, पाठीचा कणा आणि स्मरणशक्ती, म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम, मी घेतले. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण दात मोजणं हा माझा धंदाच. कार्डाबरोबर जावईबापूंची अट आली की वरातीतला त्यांचा नाच पूर्ण राहिला पाहिजे. खोक्याबरोबर मावसभावाची सूचना आली की त्याच्या नव्या दुकानाची पाटी अधूनमधून दिसावी. तुमच्या नातीने, म्हणजे आमच्या लेकीने, फुकट एक पंखा आणून दिला, रंगीत दिव्यांचा, आणि मोबदल्यात आपले दहा वर्षांपर्यंतचे सगळे व्हिडिओ नष्ट करावेत अशी मागणी केली.

जोडणी माझ्या कामाच्या टेबलावर केली, मागच्या खोलीत, प्लास्टरचे साचे एका बाजूला सारून. जेवणाच्या टेबलाला सूनबाईने सक्त मनाई केली होती, पण मदतीला मात्र आपणहून आली. तुम्हाला माहीतच आहे, ती इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीतली परिचारिका. तिने मला आधी कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग सगळे स्क्रू एका ताटलीत मोजून मांडले आणि मी मागितल्याशिवाय पेचकस हातात द्यायला तयार होईना. प्रोसेसरच्या डोक्यावर उष्णता शोषणारी एक राखाडी पेस्ट लावावी लागते, तांदळाच्या दाण्याएवढी. आता मी साचे भरणारा माणूस, माझा हात तांदळाच्या दाण्यावर थांबतो होय? दाबल्यावर ती चारी बाजूंनी अशी बाहेर आली की सूनबाईला कापसाने टिपून घ्यावी लागली, आणि टिपताना ती सवयीने म्हणाली, "दुखत असेल तर सांगा." रॅमच्या पट्ट्या खाचेत दाबायला जो जोर लागतो तो, मामा, नवीन वस्तूवर लावायला छाती लागते. कट् असा आवाज आला तेव्हा आम्ही दोघांनीही डोळे मिटले होते. तो बसल्याचा आवाज होता, मोडल्याचा नव्हे, हे नंतर कळलं.

शेवटी मोजदाद झाली, तर एक स्क्रू कमी. सूनबाईच्या धंद्यात मोजदाद चुकली तर पोट शिवत नाहीत. टेबलाखाली शोधलं, साच्यांत शोधलं, माझ्या शर्टाच्या खिशात शोधलं. स्क्रू नाही तर झाकण नाही, असा तिने निकाल दिला, आणि तेव्हापासून आमचा पेशंट उघड्या पोटानेच काम करतोय.

काम करतोय म्हणालो, पण आधी करत नव्हता. बटण दाबलं, पंखे फिरले, लाल दिवा लागला, आणि पडदा काळा तो काळाच. मी दोन संध्याकाळी सगळं उसकटून पुन्हा बसवलं. मग ते धूड मांडीवर घेऊन बसने दुकानात गेलो. (वाटेत शेजारच्या बाईंनी आत वाकून पाहिलं आणि पक्षी कुठे गेला म्हणून विचारलं.) मौनी दुकानदाराने पडद्याची वायर वरच्या भोकातून काढली आणि खालच्या भोकात घातली. चित्र आलं. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं, पण त्याने नुसती पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली.

असो. कॅमेराही त्याच्याच ओळखीच्या एका कारागिराने चालू करून दिला आणि टेपा उतरवायचं काम सुरू झालं. यात मेख अशी की टेप जेवढा वेळ चालते तेवढाच वेळ कॉम्प्युटरला तिच्यासमोर बसावं लागतं. म्हणून सकाळी टेप लावायची, मशीन चालू ठेवायचं आणि कामाला जायचं, असा मी क्रम ठेवला. परत येऊन बघावं तर टेपेचं सुरुवातीचं थोडंसं उतरलेलं आणि मशीन थंडगार. रोज तेच. मी जावईबापूंना फोन करून त्यांच्या कार्डाच्या प्रकृतीची चौकशी केली, ती त्यांना लागली आणि त्यांनी कार्ड परत मागितलं. मग धाकटीने मध्ये पडून ते राहू दिलं. विजेवर संशय घेतला, नवा बोर्ड आणला. रॅम काढून खोडरबराने घासली. उन्हाने तापतं असेल म्हणून खिडकीला चादर लावली. शेवटी सुट्टीच्या दिवशी चहाचा कप घेऊन पहाऱ्याला बसलो. टेप चालली होती, काम सुरळीत होतं. तेवढ्यात आई आली, खोक्याकडे पाहिलं, च् च् केलं, आणि भिंतीवरचं बटण बंद करून निघाली.

मी म्हणालो, "आई, काय केलंस?"

"बटण बंद केलं. मशीन बंद करून जातोस आणि भिंतीवरचं तसंच ठेवतोस. रोज मलाच करावं लागतं."

"अगं, चालू होतं ते."

"लाल दिवा होता की," आई म्हणाली. "लाल म्हणजे बंद."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या मामानं. कॅमेरा दिला तेव्हा."

मामा, मी चहाचा कप खाली ठेवला. कारण त्या कॅमेऱ्यालाही पुढच्या बाजूला एक लाल दिवा आहे, आणि तो लागलेला असला म्हणजे चित्रण चालू असतं. मला तो दिवस स्पष्ट आठवला. तुमची गाडी सुटायची होती, खांद्यावर पिशवी होती, एक पाय उंबऱ्याबाहेर होता, आणि तुम्ही दारातच आईच्या गळ्यात पट्टा घालून तिला कॅमेरा शिकवलात. लाल दिसला की थांबायचं, असं काहीतरी तुम्ही म्हणालात आणि जिना उतरलात. तुमच्या मनात काय होतं देव जाणे, बहुधा बॅटरी संपल्याचं सांगायचं असेल. आईने मात्र ते वाक्य जन्मभर पाळलं. चौकातही लाल दिव्याला गाड्या थांबतात, त्यामुळे तिला शंका यायचंही कारण नव्हतं. समारंभ सुरू झाला की ती बटण दाबून लाल दिवा घालवायची आणि डोळ्याला कॅमेरा लावून उभी राहायची. समारंभ संपला की बटण दाबून लाल दिवा लावायची आणि कॅमेरा निश्चिंतपणे गळ्यात सोडून द्यायची.

पुढच्या टेपा मी खोक्याच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून उतरवल्या. दिवाच दिसेना, म्हणजे पुरता बंद, म्हणून आईने भिंतीवरच्या बटणाला हात लावणं सोडलं. आणि मामा, डबाभर टेपांत एकही समारंभ नाही. एकही केक कापला जात नाही, एकही बक्षीस मिळत नाही, जावईबापूंच्या नाचाचा एक पाय दिसत नाही. आहे ती सगळी जमीन. फरशी, सतरंजी, चिखल, गवत, खुर्च्यांचे पाय, साड्यांचे काठ, आणि आईच्या चपला, ज्या दर दोन वर्षांनी बदलतात, त्यावरून मी सालं ओळखतो. आवाज मात्र स्वच्छ. आईच्या पोटाशी कॅमेरा लोंबतोय आणि तिच्याशी बोलायला येणारा प्रत्येक जण मनमोकळं बोलतोय, कारण कॅमेरा बंद आहे हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते.

या बोलण्यात तुम्हीही आहात. लग्नाच्या मांडवात एक तपकिरी सँडल आईच्या चपलांपाशी येऊन थांबते आणि तुमच्या आवाजात विचारते, की जावयाचे कान पाहिलेस का, वारा सुटला तर पोरीला म्हणावं घट्ट धरून ठेव. आई तुम्हाला गप्प करते आणि मग स्वतःच इतकी हसते की बराच वेळ फरशी हलत राहते. जावईबापू पाहुण्यांमध्ये पहिल्या रांगेत बसणार आहेत, आणि चित्रपट त्यांच्या कार्डावर चालणार आहे, हे लक्षात घेऊन तेवढा तुकडा मी कापला.

आणि बाबा आहेत. त्यांचे पाय. डाव्या बुटाची नाडी सुटलेली, कायमची. कुठेही गेलं तरी आईच्या चपलांपासून दोन हातांवर ते बूट. आई विचारते पाणी प्यायलात का, हं. आई म्हणते निघायचं का, हं. मी जन्मभर त्या 'हं'ला एकच समजत होतो, पण नुसते पाय बघत ऐकलं तर प्रत्येक वेगळा आहे. मामा, मी कापायला बसलो होतो ते विसरलो. मला बाबांची फार आठवण आली.

गाण्याच्या जागी काय आहे ते ऐका. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. लोक गप्प होतात. आई म्हणते, "अगं बाई, हे गाणार. थांबा, सुरू करते," आणि कट्. चित्र बंद. पुढच्या क्षणाला टाळ्या संपत आलेल्या, फरशी, आई म्हणते, "झालं, केला बंद." गाणं नाही. एक ओळही नाही. मग नाडी सुटलेले बूट जवळ येतात आणि बाबा अगदी हळू विचारतात, "मधल्या दोन ओळी विसरलो. कुणाला कळलं नाही ना?" आई म्हणते, "मला कळलं." बाबांचा डावा बूट फरशीवर घासतो. मग आई म्हणते, "पण छान म्हणालात." आणि बाबा म्हणतात, "हं."

एवढंच आहे, मामा. माझ्या मते ते गाण्याहून कमी नाही, पण माझं मत कोण विचारतंय? आईने गाणं आहे म्हणून मजल्यावरच्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय. जिन्यात कुणी भेटलं की तिचा विषय तोच. पोळ्या लाटताना ती हल्ली गुणगुणते. त्या दिवशी भरल्या घरात ती पडद्यासमोर बसेल, धाकटीचं लग्न येईल, ती सगळ्यांना गप्प करेल आणि वाट बघेल. आणि पडद्यावर येईल फरशी. एवढी वर्षं ज्याच्या जोरावर तिने आमची तोंडं बंद केली ते 'सगळं' तिच्याकडे नाही, हे तिला चारचौघांत कळणार. त्याआधी सांगायला मी चारदा तिच्या खोलीत गेलो आणि चारदा तिच्या औषधांची चौकशी करून परत आलो.

बाकी चित्रपट छान होतो आहे. सगळ्यांचे पाय आणि सगळ्यांचे आवाज, मध्ये मध्ये पोराबाळांची तोंडं. मशीन तर सोन्यासारखं चालतंय आणि दुकानातल्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात पडलंय. तुम्ही आणि मामी चार दिवस आधीच या. मामींना जिना चढायला त्रास नको म्हणून खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची एक खोली मागून ठेवली आहे. लहानमोठ्यांना यथायोग्य. पत्रात काही कमीजास्त झालं असेल तर भाचा समजून पदरात घ्यावं.

तुमचा,
दाताच्या लॅबवाला

ता. क. – खरं काम आता लिहितो. आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तुम्ही आईजवळ बसा आणि तिला सांगा की कॅमेरा मुळातच सदोष होता. तुम्ही स्वस्तातला बघून घेतला, त्याचा दिवाच उलटा जोडलेला होता, आणि हे तुम्हाला आत्ता कुणाकडून तरी कळलं. म्हणजे तिची चूक राहत नाही, माझ्यावर सांगायची वेळ येत नाही, आणि दोष येतो तो कारखान्यावर आणि थोडा तुमच्यावर. माझं ती ऐकणार नाही. तुमचं एक अर्धवट वाक्य तिने आजवर वेदवाक्य मानलंय, तर एक पूर्ण वाक्य ती नक्की मानेल.

ता. क. २ – कानांचा तो तुकडा मी कापला म्हणालो. पुसलेला नाही. तुम्ही वरच्या विनंतीला नाही म्हणणार नाही याची खात्री आहेच.

ता. क. ३ – खुळखुळण्याचा उलगडा झाला. तुमची कवळी मी त्याच टेबलावर, त्याच दिवशी डबीत भरली होती. डबीतला कापूस टाकून दिला असेल तर कृपा करून केराच्या टोपलीत बघा, आणि स्क्रू सापडला तर येताना घेऊन या. पेशंटचं पोट बंद करता येईल. टोचणाऱ्या बाजूबद्दल मी जे हिरडीविषयी लिहिलं ते तूर्त मागे घेतो.

ता. क. ४ – पत्र आईबरोबरच पाठवतोय, ती फिरायला जाताना पेटीत टाकते. पाकीट चिकटवायची डिंकाची बाटलीही तिच्याच कपाटात. काळजी नको, चष्म्याशिवाय तिला माझं अक्षर लागत नाही आणि चष्मा दुरुस्तीला टाकलाय.

*

अरे,

चष्मा परवाच आला.

याचं पत्र पेटीत टाकण्याआधी सगळं वाचलं. कारखान्याला दोष देऊ नकोस, बिचाऱ्यांनी तुझं काय वाकडं केलंय. तुलाही देत नाही. तुझी गाडी सुटत होती आणि मी अर्धंच ऐकलं. तू खोटं बोलायला लागलास की लहानपणापासून कान चोळतोस, तेव्हा त्या भानगडीत पडूच नकोस. दुसऱ्यांच्या कानांवर बोलणाऱ्याने आपले जपावेत.

मागच्या आठवड्यात मी ते खोकं पुसत होते, तर काळी पट्टी हातात आली. आत लाल दिवा, आणि पडद्यावर माझ्याच चपला चालत होत्या. लाल म्हणजे काय ते तेवढ्यात कळलं. मग रोज दुपारी हा कामावर गेला की मी खुर्ची ओढून बसते आणि पट्टी पुन्हा होती तशी लावून ठेवते. याला सांगू नकोस. किती दिवस राबतोय माझ्यासाठी, त्याला दाखवू दे. शेजारणींना मी सांगून ठेवलंय की गाणं नाही, त्याहून चांगलं आहे.

तू मात्र चार दिवस आधीच ये, आणि त्या दिवशी माझ्या शेजारी बस. गाणं मला पाठ आहे रे, ते विसरले होते त्या दोन ओळींसकट. त्यानंतरचं ते 'हं' तेवढं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.